रात्रीचा मुक्काम



गावातून कोणी लांबच्या प्रवासाला निघाला की पूर्वी त्याला तीन प्रश्न विचारीत. कुठे निघालात? कधी परतणार? आणि वाटेत मुक्काम कुठे? पहिले दोन प्रश्न अजून शिल्लक आहेत. तिसरा मात्र कोणी विचारीत नाही. रस्ते रुंद झाले, गाड्या वेगवान झाल्या, मग मुक्कामाचे काम काय? “रातोरात जाऊन येऊ, एक मुक्काम वाचेल,” असे आपण म्हणतो आणि पैसे वाचवल्याचे समाधान मानतो. मीही मानीत असे. ते समाधान मला कसे महागात पडले ते आज सांगणार आहे. आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या गाड्या ज्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातून जातात, तिथे रात्री पाठ टेकायला जागा कशी शोधावी, याच्याही दोन-चार गोष्टी सांगणार आहे.

तसा मुक्काम या पट्ट्याला नवा नाही. देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते, तिची पहिली रात्र देहूतच, इनामदार वाड्यात. दुसरी रात्र आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात, आणि मग पुणे. आकुर्डीच्या भोवती आता कारखाने, रेल्वे आणि उंच इमारती उभ्या राहिल्या, पण तो मुक्काम हललेला नाही. देहू ते आकुर्डी हे अंतर मोटारीला काहीच नाही. दिंडीतल्या सत्तर वर्षांच्या म्हातारीला ते दिवसाचे आहे. अमुक तिथीला अमुक गावी राहायचे, हे तिला घर सोडतानाच ठाऊक असते. अंधार पडल्यावर जागा शोधण्याची पाळी तिच्यावर येत नाही.

बैलगाडीच्या काळात मुक्काम बैल ठरवीत. बैल दमला की चालेनासा होई, मग धन्याला घाई असो की नसो, गाडी सुटायचीच. मोटार दमत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. डिझेल घातले की इंजिन रात्रभर चालते. पण चाकामागे बसलेला माणूस बैलासारखाच दमतो. बरं, बैल निदान उभा तरी राहतो. हा बसल्याबसल्या डोळे मिटतो आणि गाडी पुढे जातच असते.

आता माझी हकिकत. मी शिक्षक. आमचे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावच्या पुढे. २०१२ सालच्या डिसेंबरात आम्ही मुलांची सहल मुंबईला नेली होती. राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, चौपाटी, सगळे एका दिवसात. पहाटे तीनला गावातून निघालो होतो. रात्री मुंबईत राहायचे तर चाळीस मुलांच्या निवाऱ्याचा खर्च. म्हणून हिशेब मी केला, आणि मीच ठरवले की रात्री परतायचे. गाडी भाड्याची, ड्रायव्हर एकच. दिवसभर मुले हिंडत होती तेव्हा हा माणूस झोपला असेल, असे मी गृहीत धरले. तो झोपला नव्हता. मुंबईत गाडी लावायला जागा मिळेना म्हणून तो दिवसभर गाडी इकडून तिकडे हलवीत होता. हे मला मागाहून कळले. मी विचारलेच नव्हते.

रात्री दीडच्या सुमारास द्रुतगती मार्गावर तळेगावच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मुले गाढ झोपली होती. ड्रायव्हर मला म्हणाला, “गुरुजी, वीस मिनिटं डोकं टेकतो. मग सरळ गावात नेऊन सोडतो.”

मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवते. “अहो दादा, आता राहिलं कितीसं? पालक येऊन उभे राहतील. आणखी एक चहा घ्या नि निघू या.”

त्याने चहा घेतला. बिचाऱ्याने तोंडावर पाणी मारले आणि आम्ही निघालो. उर्स्याला द्रुतगती मार्ग सोडला, तळेगाव-चाकण रस्त्याला लागलो. वीस-बावीस किलोमीटरचा हा तुकडा. दोन्ही बाजूंना कारखाने, आणि कडेला ओळीने ट्रक आणि कंटेनर उभे. महाळुंग्याच्या आसपास एका उभ्या कंटेनरला आमच्या बसची डावी बाजू घासली. मागचा दिवा त्याचा बंद होता, आणि आमच्या माणसाचा डोळा लागलेला होता. दोन खिडक्यांच्या काचा फुटून मुलांच्या अंगावर आल्या. चौथ्या बाकावरच्या एका मुलीच्या कानाला काच लागली, तीन टाके पडले. एवढ्यावर निभावले. हातभर आत गेलो असतो तर आज हे भाषण मी करीत नसतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या कंटेनरच्या केबिनमधून एक माणूस खाली उतरला, लातूरकडचा. मला वाटले, आता भांडण. त्याने आधी मुलांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी चिडून म्हणालो, “रस्त्याच्या कडेला, दिवा बंद करून झोपता कसे तुम्ही?”

तो म्हणाला, “गुरुजी, गेटवर सकाळी सहाचा नंबर आहे. त्याआधी आत घेत नाहीत. ढाब्यावर जेवलं तर गाडी लावू देतात, ती पण तासभर. चौकात लावली की हाकलतात. दिवा चालू ठेवावा तर सकाळी बॅटरी बसते. तीन दिवस झाले पाठ टेकून. तुम्हीच सांगा, झोपू कुठं?”

मला उत्तर देता आले नाही. एकाला मी झोपू दिले नव्हते आणि दुसऱ्याला झोपायला जागा नव्हती. ते दोघे रात्री अडीच वाजता एकमेकांवर आदळले.

झोपेचे गणित शिक्षकांनी मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. डुलकी किती वेळाची? तीन सेकंदांची धरू. तेवढ्यात गाडी ६६ मीटर गेली. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. अशी पाच मैदाने तिने डोळे मिटून ओलांडली. आणखी एक गोष्ट. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत असे दिसले, की सतरा तास सलग जागा असलेला माणूस रक्तात शेकडा ०.०५ इतकी दारू असलेल्या माणसासारखा चुकतो. आपला कायदा गाडी चालवणाऱ्याला शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच दारू चालवून घेतो, म्हणजे ०.०३. पहाटे पाचला उठलेला सज्जन, निर्व्यसनी मनुष्य रात्री दहाला चाकामागे बसला, की त्याची गत त्या मर्यादेपलीकडच्या पिणाऱ्यासारखी होते. आमचा ड्रायव्हर तर आदल्या पहाटे तीनच्या आधीपासून जागा होता.

रात्री दोन ते पाच ही वेळ सगळ्यांत वाईट. शरीर त्या वेळी झोप मागतेच, तुम्ही कितीही सराईत असा. काच खाली करणे, गाणी लावणे, तंबाखू मळणे, हे सगळे उपाय क्षणाचे. चहा-कॉफीचा उपयोग होतो, पण तो अंगी लागायला वीसेक मिनिटे लागतात. म्हणून चहा प्यावा आणि लगेच तेवढी वीस मिनिटे झोपावे. म्हणजे पाहा, आमच्या ड्रायव्हरने मागितले होते ते नेमके बरोबर होते. पण तीही तात्पुरती मलमपट्टी. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणाऱ्या खासगी बसला मध्यरात्रीनंतर अपघात झाला आणि पंचवीस माणसे गेली. कारणांची पुष्कळ चर्चा झाली, मी तिच्यात शिरत नाही. वेळ तेवढी ध्यानात ठेवा.

बरे, मुक्काम करायचा ठरले. कुठे करायचा?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत तो साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे. जुन्या रस्त्याला माणूस वाटेल तिथे थांबे, झाडाखाली भाकरी सोडी. इथे तसे नाही. खालापूर, लोणावळ्याजवळ कुसगाव, तळेगावजवळ उर्से आणि शेवटी किवळे, अशा ठरलेल्या जागीच खाली उतरायचे. मोटारवाले त्याला ‘एक्झिट’ म्हणतात. आपण आपला फाटा म्हणू. वाटेत फूडमॉल आहेत. तिथे वडा मिळतो, पेट्रोल मिळते, शौचालय मिळते. खाटेसाठी मात्र बहुधा फाटा उतरावाच लागतो. एक फाटा चुकला की पुढच्यापर्यंत सुटका नाही. तेव्हा कोणत्या फाट्याला उतरायचे हे खालापूर येण्याआधीच पक्के हवे.

पाट्यांचा एक घोटाळा सांगून टाकतो. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ नि चहा. पाटीवर मोठ्या अक्षरांत हॉटेल दिसले म्हणून तिथे खोली असेलच असे नाही. ‘लॉज’ किंवा ‘लॉजिंग-बोर्डिंग’ ही अक्षरे शोधावीत. आमच्या गावचे एक बागाईतदार, मोठे सात्त्विक गृहस्थ, रात्री नऊ वाजता चाकणच्या पुढे ‘परमिट रूम’ अशी पाटी वाचून बायकोमुलांसह आत शिरले. त्यांना वाटले, परवानगी काढून खोली मिळते! १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावर पिण्याची जी खोली आली, ती ही परमिट रूम. गल्ल्यावरचा पोरगा सज्जन निघाला. “काका, तुम्हाला हवी ती खोली इथं नाही, पुढं लॉज आहे,” म्हणाला आणि मुलांना पाण्याची बाटली दिली.

दुसरे असे, की जागा कोणत्या हाताला आहे ते विचारून घ्यावे. आपण डाव्या बाजूने गाडी हाकतो. किवळ्याहून पुढे देहूरोड-कात्रज बाह्यवळणाने वाकड, हिंजवडी, बालेवाडी असे सातारा-कोल्हापूरकडे निघालात, की दोन्ही अंगांना राहण्याची पुष्कळ ठिकाणे दिसतात. पण उजव्या हाताचे हॉटेल नुसते दिसते. तिथे जायला पुढच्या पुलाखालून वळून, सेवा रस्त्याने उलट यावे लागते, आणि दमलेला माणूस रात्री नेमका तिथेच चुकतो, नाही तर उलट्या बाजूने गाडी घालतो. फोनवर सरळ विचारा: “आम्ही मुंबईकडून येतोय. तुम्ही आमच्या डाव्या हाताला येता का? सेवा रस्त्यावर कुठून उतरायचं?” दोन वाक्यांचे काम.

तिसरी खूण वाराची आहे, आणि ती मला फार उपयोगी पडली. चाकण एके काळी कांद्या-बटाट्याचा बाजार. तो बाजार आजही आहे, पण आता त्याच्या चारी अंगांना मोटारी आणि मोटारींचे सुटे भाग करणारे कारखाने पसरले आहेत. तिथली नवी हॉटेले मुख्यतः कंपन्यांच्या कामाला येणाऱ्या साहेब-इंजिनियरांवर चालतात. म्हणून चाकण, हिंजवडी, वाकड इथे सोमवार ते गुरुवार गर्दी आणि भावही चढे. शनिवार-रविवारी साहेब घरी जातात, खोल्या रिकाम्या पडतात, भाव उतरतो. लोणावळ्याचे नेमके उलटे. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, तिथे पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी-बुधवारी त्याच खोलीचे मालक तुम्हाला हाका मारतील. दोन्ही ठिकाणांत मोटारीने फार तर दीड तासाचे अंतर. वार पाहून फाटा निवडला, तर साध्या माणसालाही परवडेल अशी जागा मिळते.

नाशिक, संगमनेरकडून येणाऱ्यांना वेगळे सांगतो. संध्याकाळी चाकणमध्ये शिरू नका. कारखान्यांची पाळी सुटते, कामगारांच्या बसगाड्या आणि ट्रक एकदम रस्त्यावर येतात, आणि तळेगाव चौकात तुमचा तास-दीड तास जातो. तो दीड तास दमलेल्या माणसाचा उरलासुरला जीव काढतो. त्यापेक्षा नारायणगाव, मंचर किंवा राजगुरुनगर इथे, चाकणच्या अलीकडेच मुक्काम करावा आणि पहाटे उजाडता उजाडता चाकण ओलांडावे.

खोली घेताना ओळखपत्र लागते, ते खिशात असू द्या. भाव आत शिरतानाच विचारा. यात लाजायचे काही नाही. १८६७ च्या इंग्रजांच्या सराई कायद्यातदेखील सराईवाल्याने दरांचा तक्ता लावावा आणि पहारेकरी ठेवावा असे होते. दरही दिसावा आणि सामानही राहावे, ही प्रवाशाची मागणी तेवढी जुनी आहे.

आता त्या लातूरच्या माणसाचा प्रश्न. झोपू कुठं?

कायद्याने याचा विचार केला नव्हता असे नाही. १९६१ साली मोटर वाहतूक कामगारांसाठी संसदेने कायदा केला. लांबच्या पल्ल्यावर दिवसाला दहा तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत निदान नऊ तास मोकळे, आणि जिथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी. हे सगळे त्यात लिहिलेले होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू. ज्याचा ट्रक एकच, तोच मालक आणि तोच ड्रायव्हर, त्याला खोली कोण देणार? २०२० साली संसदेने नवी कामगार संहिता केली तेव्हा हा कायदा तिच्यात सामावला गेला. एकट्या ट्रकवाल्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

निगडीला ट्रान्सपोर्ट नगरी आहे, पण चाकणच्या गेटवर सहाचा नंबर असलेल्याला ती पंधरा-वीस किलोमीटर लांब. अलीकडे सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हरांसाठी खाटा, न्हाणी, स्वयंपाकाला जागा अशी सोय सुरू केली आहे. तुमच्या गावात ट्रक चालवणारे तरुण असतील तर त्यांच्या कानावर हे घाला. पुष्कळांना ठाऊक नसते. तामिळनाडू सरकारने २०२३ साली हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपण्याची जागा ठेवावी असा नियम केला. आपल्याकडे आपण निदान विचारू तरी शकतो. भाड्याची जीप करून आपण देवदर्शनाला जातो, आपण खोलीत पंख्याखाली झोपतो, आणि उद्या आपल्या बायकोमुलांचा जीव ज्याच्या हाती द्यायचा तो डासांत, सीटवर पाय दुमडून पडतो. खोलीचा भाव ठरवताना त्याच्या खाटेचाही ठरवावा.

आमच्या शाळेने त्या वर्षानंतर रात्रीचा परतीचा प्रवास बंद केला. मुंबईहून संध्याकाळी निघतो, किवळ्याला उतरतो आणि आळंदीत किंवा देहूत राहतो. तिथल्या धर्मशाळा आणि भक्तनिवास मुलांना मोठ्या खोल्या देतात, जेवण साधे पण गरम, आणि सकाळी आळंदीहून चाकणचा रस्ता जवळचा. फोन करतो तेव्हा मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या खाटेचे विचारतो, मग बस लावायच्या जागेचे, मग मुलांचे. एकदा पलीकडच्या व्यवस्थापकांनी विचारलेदेखील, “गुरुजी, सहल मुलांची आहे ना?”

तारीख ठरवताना मात्र पंचांग पाहा. तुकाराम बीजेला देहूत, कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास आळंदीत, आणि ज्येष्ठ वद्यात पालख्या निघतात तेव्हा दोन्हीकडे तुम्हाला ओसरीही मिळणार नाही. शाळांच्या सहली नेमक्या कार्तिक-मार्गशीर्षात निघतात. एका वर्षी आम्ही न पाहता फोन केला. पलीकडून उत्तर आले, “गुरुजी, कार्तिकी यात्रा आहे. माउलींच्या गावात आम्हीच दाटीवाटीनं झोपतोय.” त्या वर्षी आम्ही सहल दहा दिवस पुढे ढकलली.